पाऊच, पाणी आणि पार्टनरचा फोन

पावसाळा सुरू झाला की आमच्या हॉस्टेलवर तीन गोष्टी ठरलेल्या. चपलांची अदलाबदल होते, दोरीवरची जीन्स आठवडाभर वाळत नाही आणि कुणाचा तरी फोन पाण्यात जातो. गेल्या वर्षी हा तिसरा मान माझ्या रूम पार्टनरला मिळाला. फोन त्याचा होता, पण खरं सांगायचं तर घालवला मी. म्हणून हा लेख.

झालं असं, की जुलैमध्ये आम्ही सहाजण लोणावळ्याहून राजमाचीला निघालो. ट्रेकसाठी मी खास एक वॉटरप्रूफ पाऊच मागवला होता. सव्वाशे रुपयांचा, पारदर्शक, गळ्यात अडकवायला दोरी आणि वर खटकन बंद होणारी प्लॅस्टिकची क्लिप. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘आयपीएक्स ८’ आणि खाली ‘शंभर टक्के वॉटरप्रूफ’. पार्टनर आपला फोन दोन कॅरीबॅगांत गुंडाळून सॅकच्या मधोमध ठेवत होता. मीच शहाणपणा केला. म्हटलं, "अरे, कॅरीबॅग काय घेऊन बसलास? माझा डबडा फोन भिजला तरी चालेल, तू हा पाऊच घे. बिनधास्त राहा!"

वाटेत एक ओढा लागला. पाणी गुडघ्याच्या थोडं वर. पार्टनरचा पाय शेवाळावरून सटकला आणि साहेब बसले ते थेट पाण्यात. फार तर अर्धा मिनिट. हसत हसत उठला, आम्हीही हसलो. मग फोटो काढायला त्यानं पाऊच वर केला, तर फोनच्या खाली चहाच्या दोन चमच्यांएवढं पाणी डुचमळत होतं.

फोन त्याच्या बाबांनी हप्त्यावर घेऊन दिलेला. पाच हप्ते अजून जायचे होते. सर्व्हिस सेंटरवाल्यानं आतली एक बारीकशी पट्टी दाखवली. पांढरी असते, पाणी लागलं की लाल होते. ती लाल झाली होती. "वॉरंटी नाही, बोर्ड बदलावा लागेल," एवढंच बोलला. त्याच आठवड्यात परीक्षेचा फॉर्म भरायचा होता, आणि पैसे, ओटीपी, नोट्स सगळं त्या फोनमध्ये. पार्टनर मला एका शब्दानं काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

त्या रात्री मी पाऊचमध्ये टिश्यू पेपर घातला, वजनाला दोन नाणी घातली आणि बाथरूममधल्या बादलीत अर्धा तास बुडवून ठेवला. क्लिपच्या उजव्या कोपऱ्यात टिश्यू ओला! नीट बघितलं तर तिथं प्लॅस्टिकला केसाएवढी एक चुणी पडली होती. हे मी निघण्याच्या आदल्या दिवशी केलं असतं तर? असो.

आता मुद्द्याकडे येतो. ‘आयपी’ हा काही कंपनीनं स्वतःला दिलेला शिक्का नाही. आयईसी ६०५२९ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यातला हा कोड. पहिला आकडा धुळीचा, ० ते ६. दुसरा पाण्याचा, ० ते ९. पहिल्या आकड्याच्या जागी ‘एक्स’ असेल तर त्याचा अर्थ शून्य असा नाही, धुळीची परीक्षा सांगितलेलीच नाही असा आहे. म्हणजे निकालपत्रकात ‘नापास’ आणि ‘गैरहजर’ यांच्यात जो फरक, तोच.

पाण्याच्या आकड्यात ४ म्हणजे कुठूनही उडालेले शिंतोडे. ५ आणि ६ म्हणजे नळीतून मारलेला पाण्याचा झोत. पाचला मिनिटाला साडेबारा लिटर, सहाला शंभर लिटर. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात तीस मिनिटं. आणि ८? आठ म्हणजे ‘सातपेक्षा कडक, पण किती ते बनवणाऱ्यानं सांगायचं’. इथंच मी फसलो. नुसतं ‘आयपीएक्स ८’ म्हणजे अर्धवट वाक्य आहे. आठच्या पुढे किती मीटर आणि किती वेळ हे लिहिलेलं नसेल तर ते खोकं खाली ठेवा. फोनच्या कंपन्यासुद्धा हे लिहितात. सॅमसंगच्या बऱ्याच फोनना आयपी ६८ म्हणजे दीड मीटर, तीस मिनिटं. आयफोन १२ पासूनच्या फोनना तोच आयपी ६८ म्हणजे सहा मीटर, तीस मिनिटं. आकडा एक, खोली चौपट!

दुसरी गंमत म्हणजे हे आकडे जिन्यासारखे नाहीत. आठव्या पायरीवर आहे म्हणजे पाचवी-सहावी चढून आला, असं समजू नका. बुडवण्याच्या परीक्षेत पाणी स्थिर असतं. झोताची परीक्षा वेगळी, ती द्यावी लागते आणि वेगळी लिहावी लागते. त्यामुळे आयपीएक्स ८ चा पाऊच गळ्यात घालून धबधब्याखाली उभं राहणं हा सिलॅबसबाहेरचा प्रश्न आहे. दहा मीटरवरून पडणाऱ्या पाण्याचा वेग मेकॅनिक्सच्या वहीत सापडेल: सेकंदाला सुमारे १४ मीटर. तसा मार एखाद्या फटीवर थेट बसला तर तिथला दाब, पाणी वाटेत फुटतं हे सोडून दिलं तर, दहा मीटर खोलीच्या आसपास जातो.

दाबाचं गणितही करून बघा, सोपं आहे. एक मीटर पाणी म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण १०० ग्रॅम. फोनची एक बाजू १६ गुणिले साडेसात, म्हणजे १२० चौरस सेंटीमीटर. एका मीटरवर त्या बाजूला १२ किलो भार. काही पाऊचवर बिनदिक्कत ‘३० मीटर’ छापलेलं असतं. तिथं तो भार ३६० किलो होईल. पाऊच मऊ असतो, तो दाब अडवत नाही, फोनवर पोचवतो. पाऊच फुटला नाही तरी बटणं दाबली जातील, काच काय करेल देव जाणे. त्यामुळे सव्वाशे रुपयांत तीस मीटर ही भाषा मी तरी आता मनावर घेत नाही.

तापमानाचा मुद्दा मात्र माझ्याही लक्षात आला नव्हता, थर्मोच्या सरांनी दाखवला. सातच्या परीक्षेत पाणी आणि वस्तू यांच्या तापमानात ५ अंशांपेक्षा जास्त फरक चालत नाही. आपलं काय होतं? फोन उन्हात किंवा बाइकच्या हँडलवर ४० अंशांपर्यंत तापतो आणि मग २२ अंशांच्या पाण्यात पडतो. कडक डबीसारखी केस असेल तर आतली हवा आकसते. ३१३ केल्विनवरून २९५ वर, म्हणजे दाब जवळजवळ सहा टक्क्यांनी उतरतो. ही ओढ अर्ध्या मीटरहून जास्त पाण्याच्या दाबाएवढी आहे. म्हणजे केस नुसती बुडत नाही, ती पाणी पिते! मऊ पाऊच आधी चेपतो, म्हणून त्याला हा त्रास कमी.

पण पाणी कशातून शिरतं? प्लॅस्टिकमधून नाही, तोंडातून. मेसमध्ये कुकरच्या रिंगला भाताचं एक शीत चिकटलं तरी वाफ बाजूनं फुसफुसते आणि शिट्टी होत नाही. तेच इथं. पाऊचच्या क्लिपखाली चुणी, कडक केसच्या ओ-रिंगवर वाळूचा कण, केस किंवा रुमालाचा धागा एवढं पुरे आहे. त्यामुळे घेताना तोंड बघा. क्लिप दोन्ही टोकांना सारखी बसते का, घडी घालून बंद होणारं तोंड आहे का, शिवणीला बुडबुडे आहेत का. इअरफोनची पिन बाहेर काढलेला पाऊच घेऊ नका, ते फुकटचं आणखी एक भोक. पीव्हीसी काही दिवसांनी पिवळा आणि कडक पडतो, टीपीयू जास्त टिकतो. कडक केस घेणार असाल तर अगदी तुमच्याच मॉडेलची हवी. ‘साधारण बसते’ याला अर्थ नाही.

मात्र आधी स्वतःला एक प्रश्न विचारा: आपल्या फोनवर पाणी नेमकं कुठून येणार आहे? गेटपासून डिपार्टमेंटपर्यंत भिजणाऱ्याला पाऊचची गरजच नाही, झिपलॉकची पिशवी पुरते. (रेनकोटच्या बाहेरच्या खिशात ठेवू नका, त्या खिशात तळं साचतं.) बाइकवर मॅप बघणाऱ्याला चार नंबरचं संरक्षण बास, पण कव्हर उन्हात तापतं, तेव्हा त्यात चार्जिंग नको. ट्रेकला, ओढे ओलांडायला चांगला पाऊच. कोकणात समुद्रात पोहताना फोन नेणं मला मान्य नाही, पण नेणारच असाल तर तरंगणारा पाऊच घ्या. फोनचं वजन २०० ग्रॅम, आकारमान १०० घनसेंटीमीटरच्या आत. म्हणजे साधारण सव्वाशे मिलिलिटर हवा आत राहिली तर तो पाऊचसकट वर राहील. आर्किमिडीज अकरावीनंतर पहिल्यांदा कामी आला. आणि दुकानदार ज्याला ‘वॉटरप्रूफ बॅक कव्हर’ म्हणतात त्याबद्दल काय बोलावं? चार्जिंगचं भोक उघडं आणि म्हणे वॉटरप्रूफ.

"माझा फोनच आयपी ६८ आहे, मला पाऊच कशाला?" असं विचारणारे प्रत्येक मजल्यावर दोन तरी आहेत. फोनच्या आतलं सील झिजतं, पडून ढिलं होतं, बाहेरच्या दुकानात डिस्प्ले बदलला की भरवसा संपला. ॲपल स्वतःच सांगतं की हे संरक्षण कायमचं नसतं आणि पाण्यानं झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. परीक्षाही साध्या पाण्यात होते, साबणाच्या, मिठाच्या किंवा स्विमिंग टँकच्या क्लोरीनच्या पाण्यात नाही.

चांगल्या पाऊचचीही एक कटकट असते, धुकं. पावसाळी हवा ओल्यानं भरलेली असते. ती पाऊचमध्ये कोंडून गार पाण्यात गेलात की तिच्यातली थोडी वाफ काचेवर बसते. वजन करायला गेलात तर जेमतेम एक मिलिग्रॅम, पण फोटो मात्र सगळे दुधात काढल्यासारखे. पाऊच कोरड्या खोलीत बंद करा (आमच्याकडे एसी फक्त कॉम्प्युटर लॅबला, त्यामुळे तिथं सरांना मस्का) आणि नव्या बुटांच्या खोक्यातली सिलिकाची पुडी आत टाका. शिवाय पाण्याखाली टच चालत नाही, स्क्रीनला चहूबाजूंनी बोट लागल्यासारखं वाटतं. बुडण्याआधी कॅमेरा सुरू करून ठेवायचा आणि आवाजाच्या बटणानं फोटो काढायचा.

आणि टिश्यूची परीक्षा प्रत्येक ट्रेकच्या आदल्या रात्री, नव्या पाऊचचीसुद्धा. आधी रिकामा बंद करून पाण्यात दाबा, बुडबुडे येतात का बघा. मग टिश्यू आणि वजन घालून अर्धा तास. टिश्यू कोरडा निघाला तरच फोन आत.

एवढं करून फोन भिजलाच तर लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका, हेअर ड्रायर मारू नका. तांदळाच्या डब्यातही नको. ॲपलनंही तसं न करण्याचं सांगितलंय, तांदळाचे बारीक कण आत जातात. आम्ही मेसच्या काकांकडून दोन किलो तांदूळ मागून आणले होते. फोन गेला तो गेलाच, आणि तांदूळ परत घेताना काकांनी जे ऐकवलं ते या मासिकात छापता येणार नाही.

बोर्डाचे निम्मे पैसे मी दिले, चार महिने संध्याकाळचा वडापाव बंद ठेवून. पार्टनर अजून त्याच रूममध्ये आहे, अजूनही कॅरीबॅगच वापरतो. नवा पाऊच दाराच्या मागच्या खिळ्याला लटकतोय. कुणाला ट्रेकला हवा असेल तर खुशाल न्या. बादली बाथरूममध्ये आहे, टिश्यू ज्याचा त्यानं आणावा.