इमारतीचं पाणी (भाग ४) : एचपी सगळ्यात शेवटी

पंपाच्या दुकानात पहिला प्रश्न येतो, "किती एचपीचा देऊ?" शेजारच्या इमारतीत पाचचा आहे म्हणून आपले सेक्रेटरीही पाच सांगून मोकळे होतात, आणि त्या आकड्याचं वीजबिल पुढे सगळे सभासद वर्षानुवर्षं भरतात. खरं तर आधी दोनच गोष्टी ठरवायच्या असतात : मिनिटाला किती पाणी हवं आणि ते किती उंच चढवायचं. एचपी त्यातून आपोआप निघतो.

गेल्या आठवड्यातलीच इमारत घेऊ. पार्किंगवर सात मजले, २८ फ्लॅट, घरटी ५ माणसं. माणशी रोज १३५ लिटर या नेहमीच्या मापाने १८,९०० लिटर होतात. पंप दिवसभरात मिळून दोन तास चालवायचा ठरवला, तर मिनिटाला साधारण १५८ लिटर पाणी वर गेलं पाहिजे. हा झाला डिस्चार्ज.

आता हेड. जमिनीखालच्या टाकीतलं पाणी तळाला गेलेलं असताना ते जमिनीपासून ३ मीटर खाली असतं. पार्किंग धरून आठ मजल्यांचे २४ मीटर, आणि गच्चीवरच्या टाकीचं तोंड स्लॅबच्या वर ४ मीटर. एकूण ३१. बहुतेकांचा हिशेब इथेच थांबतो, आणि चूक नेमकी इथेच होते.

पाइपातून धावताना पाणी घासतं, आणि त्या घर्षणाची किंमतही पंपालाच मोजावी लागते. आपल्या इमारतीत एल्बो आणि व्हॉल्व्हचा भार धरून पाइपची लांबी ६० मीटर समजू. ५० मिलिमीटरचा जुना जीआय पाइप असेल, तर घर्षणाचे साडेचार मीटर वाढतात. हाच पाइप ४० मिलिमीटरचा घेतला, तर साडेतेरा! व्यास एक पायरी कमी केला आणि घर्षण तिप्पट झालं. इमारतीवर न बांधलेले तीन मजले चढवल्यासारखंच हे. पाइपात वाचवलेले पैसे विजेत जातात. म्हणून मी पंपाआधी पाइप बघायला सांगतो.

५० मिलिमीटरच्या पाइपवर हेड ३६ मीटरच्या आसपास येतं. थोडी मोकळीक ठेवून ३८ धरू. मिनिटाला १५८ लिटर पाणी ३८ मीटर चढवायला जवळपास एक किलोवॅट लागतो. पंपाची कार्यक्षमता ५० टक्के धरली, तर मोटारीने पंपाला दोन किलोवॅटच्या आसपास द्यायला हवेत. म्हणजे ३ एचपी पुरे. पाच नव्हे.

मोठा घेतला तर काय बिघडलं, असं वाटेल. बिघडतं. सेंट्रीफ्यूगल पंप त्याच्या क्षमतेपेक्षा कमी उंचीवर जुंपला की तो जास्त पाणी फेकतो, आणि जास्त पाणी फेकताना मोटार जास्त अँपिअर ओढते. ओव्हरलोड रिले पडतो, तो सोडून दिला तर वायंडिंग जळतं. अशा वेळी डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा आवळला की अँपिअर खाली येतात. पुष्कळांना हे उलटं वाटतं.

नेमप्लेट वाचताना एक सावधगिरी बाळगा. सर्वांत मोठं हेड आणि सर्वांत मोठा डिस्चार्ज शेजारी छापलेले असले, तरी ते एकाच वेळी मिळत नाहीत. हेड शेवटच्या टोकाला गेलं की पाणी जवळजवळ थांबतं. म्हणून कंपनीचा तक्ता मागा, त्यात ३८ मीटरच्या रकान्यात १५८ लिटर मिळतात का ते पाहा, आणि कार्यक्षमता त्याच ठिकाणी चांगली असेल तोच पंप घ्या.

पंप टाकीच्या वर बसणार असेल, तर ओढण्याची उंची वेगळी तपासायची. कागदावर समुद्रसपाटीला १० मीटर दिसतात. प्रत्यक्षात ६–७ मीटरच्या पुढे जाऊ नये. पुण्यासारख्या उंचावरच्या शहरात त्याहून थोडं कमीच धरा.

पंप बसवल्यावर तासाभरात वरच्या टाकीत किती पाणी चढलं ते मोजा. साडेनऊ हजार लिटरच्या आसपास यायला हवं. फार कमी आलं, तर पंप बदलण्याआधी फूट व्हॉल्व्ह आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह उघडून बघा.

(पुढील भागात : दोन पंप आळीपाळीने कसे चालवायचे)