डिकी म्हणजे तिजोरी नव्हे!

विषय वाचून काही जण म्हणतील, "हा काय मॅगझिनमध्ये लिहायचा विषय झाला? इथे मेसचं बिल भरताना नाकी नऊ येतात आणि म्हणे गाडीत ठेवलेलं पिस्तूल!" मित्रांनो, बरोबर आहे तुमचं. पण गॅदरिंगच्या दिवशी आपल्या गेटबाहेर किती गाड्या लागतात ते आठवा. पालक, पाहुणे, पुढारी, त्यांचे ड्रायव्हर. त्यातल्या एखाद्या गाडीत परवान्याचं रिव्हॉल्वर असणं अशक्य नाही. आणि ते गाडीतच का असतं, याचं कारण कायद्यातच सापडतं.

आधी आकडे बघू. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला. त्यानंतर सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी शस्त्र परवान्यांचे आकडे जाहीर केले. त्यात अमरावतीचे परवाने होते २४३, परभणीचे फक्त ३२ आणि बीडचे १,२२२! पुढे बीडच्या जिल्हाधिकाऱ्यांनी शंभराहून जास्त परवाने रद्द केले. आता परभणीकर म्हणतील, आमचे तर ३२च. पण गंगाखेड ओलांडलं की परळी येतेच. लग्न, दवाखाना, कोर्ट, मोंढा, कशासाठी ना कशासाठी तिकडच्या गाड्या इकडे येत असतात आणि वसमत रोडला नाहीतर जिंतूर रोडला पार्क होतात.

आता कायद्याचं कारण. शस्त्र परवान्याच्या छापील अटींमध्ये एक अट अशी आहे की खास परवानगी असल्याशिवाय जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक जमाव किंवा शिक्षणसंस्थेचं आवार, यात शस्त्र न्यायचं नाही. म्हणजे फेब्रुवारीतल्या आपल्या उरुसात नाही, पालखीत नाही, आणि आपल्या कॉलेजच्या कॅम्पसमध्ये तर नाहीच. कोर्टाच्या दारात पोलीस झडती घेतात ते वेगळंच. मग परवानाधारक काय करतो? कमरेचं काढतो आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात नाहीतर सीटखाली सरकवतो. त्याला वाटतं झालं, कायदा पाळला. (कॅम्पसमध्ये उभी असलेली गाडीसुद्धा कॅम्पसमध्येच असते, हे कोणी लक्षात घेत नाही. वॉचमनकाकांनी हा मुद्दा ध्यानात ठेवावा.)

म्हणजे कमरेला असताना निदान मालकाच्या अंगावर असलेली वस्तू आता एका काचेच्या आड आली. आणि या काचेपासूनच आपलं इंजिनिअरिंग सुरू होतं.

गाडीची पुढची काच लॅमिनेटेड असते. दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे ती तडकते पण जागेवर राहते. बाजूच्या काचा मात्र बहुतेक गाड्यांत टफन्ड असतात. काच तापवून एकदम थंड केली की बाहेरचा थर दाबात राहतो आणि आतला ताणात. म्हणून ती साध्या काचेपेक्षा मजबूत, पण एकदा का तो दाबाचा थर भेदला की सगळी साठवलेली ऊर्जा बाहेर पडते आणि क्षणात साबुदाण्यासारखे तुकडे होतात. हे मुद्दामच केलेलं आहे, अपघातात माणसाला सुऱ्यासारखे तुकडे लागू नयेत म्हणून. डिझायनरने माणसाचा विचार केला आहे, तिजोरीचा नाही.

डॅशबोर्डच्या कप्प्याचं कुलूप तर नावालाच. आपल्या खोलीच्या चांगल्या कुलपात पिना आणि स्प्रिंगा असतात. इथे पितळेच्या चारदोन पातळ पट्ट्या, आणि ज्यात ते कुलूप अडकतं ते झाकणच प्लॅस्टिकचं. कुलूप न तुटता झाकणच वाकलं तरी काम झालं.

"मग डिकीत ठेवावं!" हे सगळ्यांचं उत्तर. डिकी चांगली, यात वाद नाही, कारण निदान बाहेरून दिसत नाही. पण डिकी उघडायचा खटका कुठे असतो? पुष्कळ गाड्यांत ड्रायव्हरच्या सीटजवळ. काही गाड्यांची मागची सीट पुढे पाडली की डिकीत सरळ हात जातो. हॅचबॅकमध्ये तर डिकी आणि केबिनच्या मध्ये एक कापडी नाहीतर पुठ्ठ्याचा ट्रे, बस. म्हणजे काच फुटली की डिकीही गेली असंच धरून चालायचं. बँकेतून काढलेली कापसाची नाहीतर सोयाबीनची रोकड डिकीतून लंपास, अशा बातम्या आपण पेपरात वाचतोच. रोकड गेली तर मालकाचं नुकसान होतं. पिस्तूल गेलं तर नुकसान कोणाचं होईल ते आधी सांगता येत नाही.

याचं फार वाईट उदाहरण अमेरिकेतलं आहे. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये जून २०१५ मध्ये एका सरकारी रेंजरच्या उभ्या गाडीतून त्याचं पिस्तूल चोरीला गेलं. चारच दिवसांनी, १ जुलैला, त्याच पिस्तुलाची गोळी समुद्राकाठच्या धक्क्यावर वडिलांसोबत फिरणाऱ्या ३२ वर्षांच्या तरुणीला लागली आणि ती गेली. गोळी जमिनीवर आपटून उसळली होती, म्हणजे कोणाचं तिच्याशी वैरसुद्धा नव्हतं. पुढे कॅलिफोर्नियात २०१७ पासून नियम आला की गाडी सोडून जाताना हँडगन डिकीत किंवा कुलूपबंद पेटीत, नजरेआड ठेवायची. हा नियम पोलिसांनाही लागू आहे. एव्हरीटाऊन या संस्थेने तिथल्या ३३७ शहरांची माहिती गोळा केली, तर २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख १२ हजार बंदुका चोरीला गेल्याची नोंद निघाली, आणि त्यातल्या निम्म्याहून थोड्या जास्त गाड्यांमधून गेल्या होत्या. आपल्याकडे तेवढ्या बंदुकाच नाहीत, हे आपलं नशीब. पण आपल्याकडे परवान्याचं शस्त्र दुर्मिळ आणि महाग असल्यामुळे चोराच्या हाती लागलेल्या एकेका नगाला किंमत जास्त, हेही खरं.

आता उपाय. गाडीत कायमची बसवलेली छोटी लोखंडी पेटी हा त्यातल्या त्यात बरा उपाय आहे. १६ गेजचा पत्रा, म्हणजे साधारण दीड मि.मी. जाडीचा, आणि झाकणाची बिजागरी आतल्या बाजूला. बाजारात पोलादी दोरीने सीटच्या पायाला बांधायच्या पेट्याही मिळतात. नसण्यापेक्षा बऱ्या, पण दोरी कापायला वेळ लागत नाही. बोल्टने जखडलेली पेटी चांगली. इथे मेकॅनिकलवाल्यांनी वही काढावी.

एम-८ चा ८.८ ग्रेडचा बोल्ट घ्या. त्याचं ताण घेणारं क्षेत्रफळ ३६.६ चौ.मि.मी. आणि ताकद ८०० मेगापास्कल. गुणाकार केला की सुमारे २९ किलोन्यूटन येतात, म्हणजे एकेक बोल्ट तुटायला जवळपास तीन टनांचा ओढा लागेल. वा! चार बोल्ट म्हणजे बारा टन, गाडीच उचलली जाईल! पण थांबा. बोल्ट कशात बसवला आहे? गाडीच्या तळाच्या पत्र्यात, आणि तो धरा ०.८ मि.मी. बोल्टखाली १६ मि.मी. व्यासाचा साधा वॉशर असेल, तर पत्र्याची कातरली जाणारी कड ३.१४ × १६ × ०.८ म्हणजे ४० चौ.मि.मी. पत्र्याची कातरताकद २०० मेगापास्कल धरली तर आठ किलोन्यूटन, म्हणजे आठशे किलोंच्या आसपास. तीन टनांचा बोल्ट शाबूत राहील आणि पत्राच फाटून पेटी वर येईल! आता वॉशरऐवजी खालून ५० मि.मी. व्यासाची जाड चकती लावा. तेच गणित २५ किलोन्यूटनवर जातं, म्हणजे बोल्टच्या बरोबरीला येतं. वीस-तीस रुपयांच्या चकतीने ताकद तिप्पट! प्रत्यक्षात पातळ पत्रा आधी वाकतो, त्यामुळे खरा आकडा कमीच येईल, पण मुद्दा तोच राहतो. (डिझाइनच्या सरांनी हे वाचून व्हायव्हात विचारू नये ही विनंती.)

नट पेटीच्या आतून आवळायचे, म्हणजे झाकण उघडल्याशिवाय पाना लागणार नाही. आणि कृपा करून ड्रिल घेऊन स्वतः बसू नका. बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी असते, डिकीत सीएनजीचं सिलिंडर असू शकतं, कार्पेटखालून वायरिंग आणि ब्रेकच्या नळ्या जातात. सीटचे मूळ बोल्टही सैल करू नयेत, अपघातात माणसाला धरून ठेवायचं काम त्यांचं आहे. गॅरेजवाल्याकडूनच बसवून घ्यावी.

कुलूप किल्लीचं की नंबरचं? यावर होस्टेलमध्ये आमची चांगलीच जुंपली होती. इलेक्ट्रॉनिक्सवाल्या मैत्रिणी बोटाच्या ठशाच्या बाजूने, मी किल्लीच्या. माझं म्हणणं इतकंच की हे परभणी आहे. मे महिन्यात सावलीत ४४ अंश असतात, बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त, आणि डॅशबोर्डला हात लावला तर चटका बसतो. अशा भट्टीत बॅटरी किती दिवस टिकणार, आणि घामेजलेलं बोट मशीन ओळखणार का? गाडीच्या उन्हाने काडतूस आपोआप उडतं ही मात्र अफवा आहे, त्याला याच्या दुपटीहून जास्त तापमान लागतं. पण महिनोन् महिने उन्हात ठेवलेल्या काडतुसातली दारू खराब होते, आणि ऐन वेळी न उडणारं काडतूस सांभाळण्यात काय अर्थ? (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, 'काडतूस' हा शब्द मी टीव्हीवरच्या बातम्यांतून शिकले. पण 'बुलेट' म्हणजे फक्त पुढची गोळी आणि काडतूस म्हणजे गोळी, दारू, टोपी असा सगळा संच. म्हणून मराठी शब्दच जास्त नेमका!)

पेटीएवढंच महत्त्वाचं म्हणजे पेटीत ठेवायची वेळ. पार्किंगमध्ये पोचल्यावर कमरेचं काढून, चार लोकांसमोर डिकी उघडून ठेवलं, तर बघणाऱ्याला पत्ताच दिला. निघतानाच घरी रिकामं करून पेटीत बंद करायचं. रिकामं करताना रिव्हॉल्वर असेल तर चकरी बाहेर काढून सगळी घरं बघायची. पिस्तूल असेल तर मॅगझिन काढलं म्हणजे रिकामं झालं असं नाही, एक काडतूस नळीच्या मागच्या चेंबरमध्ये बसलेलं असू शकतं. ते वेगळं बघावंच लागतं. १ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे मुंबईत अभिनेता गोविंदा घरातून निघताना रिव्हॉल्वर कपाटात ठेवत होता. ते हातातून पडलं, गोळी सुटली आणि त्याच्याच पायात शिरली. घरातल्या कपाटाशी असं होतं, तर गाडीच्या सीटवर वाकून, घाईत, लपवून करताना काय होईल? आणि काडतुसं पेटीत न ठेवता वेगळी ठेवावीत. नुसतं लोखंड चोराच्या हाती लागलं तर निदान त्याच रात्री त्याचा उपयोग होत नाही.

मात्र आपल्याकडे काच फोडणाऱ्यापेक्षा मला जास्त काळजी किल्लीची वाटते. आपल्याकडे गाडीची किल्ली किती हातांतून फिरते बघा. ड्रायव्हर, वॉशिंग सेंटरचा पोरगा, गॅरेजवाला, लग्नाच्या हॉलचा पार्किंगवाला, शेजारचा "जरा गाडी मागे घेतो" म्हणणारा. गाडीची किल्ली दिली तर पेटीची किल्ली त्याच जुडग्यात नको, इतकी साधी गोष्ट. कायद्यातही 'ताबा' म्हणजे वस्तू हातात असणं एवढंच नव्हे. गुणवंतलाल विरुद्ध मध्यप्रदेश राज्य या १९७२ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वस्तू प्रत्यक्ष जवळ नसली तरी तिच्यावर जाणीवपूर्वक नियंत्रण असेल तर तो ताबाच. परवान्यावर नाव नसलेल्या ड्रायव्हरला "साहेबांचं सामान गाडीत आहे, बघ जरा" असं सांगून लग्नात जेवायला जाणारे साहेब त्या बिचाऱ्यालाही अडचणीत टाकतात.

रात्रभर गाडीत ठेवणं तर नकोच. पेटी कितीही चांगली असली तरी तिला चार चाकं लावलेली आहेत. गाडी गेली की पेटीही गेली, आणि मग चोराला घाई कशाची? सगळ्या कुलपांचं काम फक्त वेळ काढायचं असतं. बाहेरगावी जास्त दिवस जायचं असेल तर परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात रीतसर जमा करून पावती घेता येते. निवडणुकीत तशी जमा होतातच.

एवढं करूनही काच फुटलेली दिसली, तर गाडीत हात घालू नये, ठसे असतात. ११२ ला फोन करावा. चोरी किंवा हरवल्याची खबर लगेच जवळच्या पोलीस ठाण्यात देणं ही परवान्याचीच अट आहे, "आधी आपण शोधून बघू" याला वाव नाही. खबर देताना शस्त्राचा नंबर आणि परवान्यावरचा यूआयएन लागतो. बरेच लोक परवान्याचं पुस्तकही शस्त्रासोबत त्याच पाऊचमध्ये ठेवतात, म्हणजे दोन्ही एकदमच जातात. नंबरचा कागद घरी ठेवावा, आणि एक फोटो घरातल्या कोणाच्या तरी मोबाईलमध्ये.