वृद्धांचा आरोग्यविमा : सही करण्यापूर्वीं

गेल्या महिन्यांत बेलापुरांतील आमचे शेजारी आप्पा, वय बहात्तर, खासगी आरोग्यविम्याचा कागद घेऊन आमच्या ओटीवर आले. हप्ता उसाच्या पैशांतून, सही दुसऱ्या दिवशीं. आमची हयात महसुली दप्तरांत गेली. सातबारा हातीं आला कीं दृष्टि प्रथम 'इतर हक्क' या रकान्याकडे वळते. विम्यांत तसा रकाना प्रतीक्षाकाळाचा. आप्पांचा मधुमेह जुना; त्यावर तीन वर्षें कांहीं मिळणार नव्हतें. विकणाऱ्यालाच सल्ला विचारणें म्हणजे अडत्याकडून आपल्या मालाचा भाव ठरवून घेणें होय.

"वय वंदना कार्ड काढलें काय?" आम्हीं विचारलें. त्यांनीं नांवही ऐकलें नव्हतें! २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर व त्यापुढील वयाच्या वृद्धांस, जमीन कितीही असो, आयुष्मान योजनेंतील रुग्णालयांत वर्षास ५ लाखांपर्यंत मोफत उपचार मिळतात. जुन्या रोगासही पहिल्या दिवसापासून. रक्कम मात्र घरांतील अशा सर्व वृद्धांत मिळून. शिवाय रुग्णालयांत दाखल व्हावें लागतें, रोजच्या गोळ्यांस हें कार्ड उपयोगी नाहीं. चौकशी तेथील आरोग्यमित्राकडे करावी.

खासगी विमा घेतलाच, तर कागद हातीं पडल्यापासून ३० दिवसांत परत करतां येतो, हेंही सांगितलें. आप्पा आधारकार्ड घेऊन गेले. विम्याचा कागद सहीविना आमच्याच फडताळांत पडला आहे.