घारीचा नवरा

जनाबाईंच्या नावावर असलेल्या अभंगातली घार मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. त्यांचं गंगाखेड आमच्या मंठ्यापासून काही फार लांब नाही. आकाशात हिंडताना जिचा जीव पिलांपाशी अडकलेला असतो ती घार म्हणजे आईच, हे आपण सहा-सातशे वर्षं धरून चाललो आहोत. पक्षिशास्त्राचं म्हणणं जरा अडचणीचं आहे. अंडी फुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे आई बहुतेक वेळ घरट्यावरच असते. पिलांना पंखाखाली घेते, उन्हात त्यांच्यावर सावली धरते, आणलेल्या मांसाचे बारीक तुकडे करून भरवते. त्या दिवसांत आकाशात हिंडणारी घार बहुतेक करून बाप असतो. पिलं मोठी होऊन एकट्याच्या कमाईत भागेनासं झालं की मग तीही बाहेर पडते. म्हणजे आईची माया खरीच, पण तिचा नवरा अभंगाबाहेर राहून गेला.

हा संसार बघायला मंठ्यात दुर्बीणसुद्धा लागत नाही. मटणाच्या दुकानांवर, उकिरड्यांवर, बाजार उठल्यावर रिकाम्या झालेल्या मैदानावर घारी वर्षभर घिरट्या घालतात. दिवाळी उरकून थंडी पडू लागली, शिवारात कापसाची वेचणी जोरात आली की त्यांच्या उडण्यात फरक पडतो. एरवी सुटी सुटी फिरणारी नर-मादी एकाच टापूवर वरखाली फिरू लागतात. नर वरून सूर मारून मादीच्या पाठीवर येतो, ती ऐन वेळी अंग पालटून उताणी होते आणि पंजे वर करते. कधी पंज्यात पंजा अडकतो, दोघं गरगरत खाली येतात आणि सुटतात. सोबत ती लांबट, कापरी शीळ चालूच असते. मग कुठल्याशा खांबावर मादी बसून राहते आणि नर उंदीर नाहीतर कोंबडीचं आतडं घेऊन तिच्याजवळ उतरतो.

याला लाडीगोडी म्हणून मोकळं होता येतं. मला ती परीक्षा वाटते. घार दोन किंवा तीन अंडी घालते, ती उबवायला तीस ते चौतीस दिवस लागतात आणि पिलं घरट्यात जवळपास दोन महिने राहतात. नरही अधूनमधून अंड्यांवर बसतो, पण बैठकीचा मोठा वाटा मादीचा. जो आज एकटीचं पोट भरू शकत नाही तो पुढं घरट्यावरच्या चार तोंडांचं काय करणार? शिकारी पक्ष्यांत मादी नरापेक्षा मोठी असते. मोठी मादी राखणीला बरी, हलका नर शिकारीला चपळ, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. सगळ्या अभ्यासकांना ते पटलेलं नाही.

जोडी जमली म्हणजे निष्ठाही आली असं मात्र समजू नये. जपानच्या नागासाकी द्वीपकल्पावर घारींच्या मीलनाचा अभ्यास झाला आहे. मादी एकटी सापडली की शेजारचे नर येऊन जातात, आणि शिकारीहून परतलेला तिचा नर आल्या आल्या पुन्हा मीलन करतो. तिचा नर किती वेळ बाहेर राहिला यावर पिलांचं बापपण ठरू शकतं. तरीही घरट्यावर खायला आणणारा तोच असतो.

आता घरटं. चिंचेच्या, लिंबाच्या नाहीतर पिंपळाच्या उंच बेचक्यात काड्यांचा एक ओबडधोबड ढीग. जवळून बघितलं तर त्यात चिंध्या, कागद, सुतळी, प्लास्टिकच्या पिशव्या असं काहीही खोवलेलं असतं. घारीला कचऱ्याची हौसच, असं आपण म्हणतो. स्पेनमधल्या दोन्याना राष्ट्रीय उद्यानात फाब्रिझिओ सर्जिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच हौस तपासली आणि 2011 मध्ये ‘सायन्स’मध्ये छापली. अंडी घालायच्या सुमारे वीस दिवस आधीपासून तिथल्या घारी घरट्यात प्लास्टिक आणू लागतात. वेगवेगळ्या रंगांचे तुकडे समोर ठेवले तर पांढरा उचलतात, कारण तो लांबून उठून दिसतो. सात ते बारा वर्षांच्या, म्हणजे ऐन उमेदीतल्या घारींची घरटी सर्वांत जास्त सजलेली, तर अगदी तरुण आणि म्हाताऱ्यांची जवळपास उघडी. दाराला पाटी लावावी तसं हे प्लास्टिक परक्या घारींना सांगतं की इथं कोण राहतं आणि वाट्याला गेलात तर काय होईल. संशोधकांनी काही घरट्यांत आपल्या पदरचं प्लास्टिक घातलं, तर घारींनी ते काढून टाकलं. ऐपतीबाहेरचा रुबाब दाखवला की आव्हान द्यायला कुणीतरी येतंच. स्पेनमधला नियम मंठ्याच्या चिंध्यांना जसाच्या तसा लागू होतो असं मी म्हणणार नाही, पण त्या चिंध्यांकडे नुसता कचरा म्हणून बघणं आता मला जमत नाही.

पक्ष्यांच्या जन्मभराच्या जोडीचं सर्वांत गाजलेलं उदाहरण दूर अमेरिकेतलं आहे. पांढऱ्या डोक्याचा बाल्ड ईगल डिसेंबर 2024 मध्ये कायद्याने तिथला राष्ट्रीय पक्षी झाला. उंच आकाशात पंजे गुंतवून चक्रासारखी गरगरत खाली येणारी त्यांची जोडी म्हणजे प्रेमाचं चित्र, असं मानतात. वास्तविक हीच पंज्यांची गाठ भांडणातही पडते. घरटं वर्षानुवर्षं वाढवत नेतात. फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्गजवळ 1963 मध्ये मोजलेलं एक घरटं 2.9 मीटर रुंद आणि 6 मीटर खोल होतं, वजन दोन टनांच्या वर.

कॅलिफोर्नियातल्या बिग बेअर व्हॅलीची जॅकी आणि शॅडो ही जोडी कॅमेऱ्यामुळे जगाच्या घराघरांत पोचली. 2024 मध्ये त्यांच्या तीनपैकी एकही अंडं फुटलं नाही, तरी मुदत उलटून गेल्यावरही ती बसून राहिली. 2025 च्या मार्चमध्ये तीन पिलं निघाली, एक बर्फाच्या वादळात गेलं, दोन जूनमध्ये उडाली. लोकांनी डोळे पुसले. पण जॅकीचा आधीचा जोडीदार वेगळा होता आणि 2018 मध्ये शॅडो आल्यावर तो तिथून गेला, हे त्या कौतुकात सहसा कुणी काढत नाही. इलिनॉय राज्यात मिसिसिपीच्या काठी तर याहून नवल घडलं. एका घरट्यातला पहिला नर संसारात कच्चा निघाला, दुसरा आला, आणि तरीही पहिला गेला नाही. एक मादी आणि दोन नर मिळून पिलं वाढवू लागले. मार्च 2017 मध्ये परक्या गरुडांच्या हल्ल्यात मादी नाहीशी झाली. पिलं दोन्ही नरांनी मोठी केली आणि पुढं दुसरी मादी त्याच घरट्यात नांदायला आली.

मादी गेली, नर बदलला, तिसरा शिरला, पण घरटं तेच राहिलं. जोडीदार मेला तर गरुड झुरून मरत नाही. जागा चांगली असेल तर नवा जोडीदार लवकरच मिळतो. ही जोडी एकमेकांना जितकी बांधलेली असते त्याहून जास्त जागेला बांधलेली असते, असं माझं मत होत गेलं आहे. थंडीत दूर पांगलेले बाल्ड ईगल पुन्हा भेटतात तेही घरट्यावरच.

त्यांचा आपल्याकडचा भाऊबंद कोकणात आहे: पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड. किनाऱ्यालगतच्या उंच झाडांवर त्याची मोठी घरटी, आणि विणीच्या दिवसांत नर-मादी मिळून ओरडतात तो आवाज लांबवर जातो. जोडी त्याच जागी परतते म्हणून त्यांची मोजदादही घरट्यांवरून होते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी 2002 मध्ये याच गरुडाच्या कामासाठी वेळासला गेले होते, तेव्हा त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. वेळासचं कासव संवर्धन तिथून सुरू झालं. गरुडाचं काम मात्र त्या प्रसिद्धीत झाकलं गेलं.

मंठ्याच्या माळावर समुद्री गरुड येणार नाही, पण या मोकळ्या मुलखाचा खरा गरुड आहे सापमार. हवेत एका जागी पंख मारत थांबतो आणि खालचा साप हेरतो. नर घरट्याकडे येतो तेव्हा साप अर्धाअधिक गिळलेला असतो आणि शेपूट चोचीबाहेर लोंबत असते. मादी ती शेपूट धरून ओढते, तो मान मागं घेतो, आणि हातभर साप त्याच्या घशातून सरसर बाहेर येतो. आणलेला घास असा नवऱ्याच्या घशातून ओढून काढायचा! घरटं बाभळीसारख्या झाडाच्या शेंड्यावर, आकाराने बेताचं. कधी जुनं डागडुजी करून घेतात, कधी जवळच नवं बांधतात. टापू सहसा बदलत नाहीत. वर्षाला अंडं एकच, उबवायला दीड महिना, आणि ते गेलं तर त्या साली बहुधा दुसरं नाही.

घारीचं एक बरं आहे, झाड गेलं तर ती मोबाइलच्या टॉवरवर संसार थाटते. सापमाराला झाडच लागतं, तेही वर्दळ नसलेल्या जागी. उत्तरेला पूर्णा आणि दक्षिणेला दुधना, यांच्या मधल्या या मुलखात जंगल नावापुरतं. उंच झाडं राहिली ती बांधांवर आणि रस्त्यांच्या कडेला. रस्ते रुंद होताना कडेची जातात, वाटण्या होताना बांधावरची. महाराष्ट्राच्या 1964 च्या वृक्षतोड कायद्यात, परवानगीशिवाय तोडता न येणाऱ्या झाडांच्या यादीत आंबा, चिंच, मोह, जांभूळ आहेत; कडुलिंब आणि बाभूळ नाहीत.

तोड होते ती रब्बी निघाल्यावर, पेरणीच्या आधी. नेमके तेच महिने सापमाराचं अंडं किंवा पिलू घरट्यात असण्याचे. तीच बाभूळ ऑगस्टमध्ये पाडली तर पिलू कधीच उडून गेलेलं असेल. पण ऑगस्टमध्ये रानात सोयाबीन उभं असतं, ट्रॅक्टर बांधापर्यंत जात नाही, आणि लाकूड घेणाराही ओल्या रानात येत नाही.