वीरनायकाचा विषाद : दूरचित्रवाणी-मालिकांतील चित्रणाचा एक विचार

भरताच्या नाट्यशास्त्रात वीररसाचा स्थायिभाव उत्साह हा सांगितला असून विषाद, निर्वेद आणि ग्लानी यांची गणना तेहेतीस व्यभिचारी भावांत केलेली आहे. हे भाव यावेत, मूळ भावाला उठाव द्यावा आणि ओसरून जावेत, अशी त्यामागील कल्पना आहे. वीराच्या मनात जीवितत्यागाचा विचार यावा, ही गोष्टही आपल्या परंपरेला अपरिचित नाही. वाल्मीकिरामायणाच्या सुंदरकांडात सारी लंका धुंडाळूनही सीता आढळत नाही, तेव्हा प्रत्यक्ष हनुमान मरणाचा विचार करू लागतो. परंतु मरणात दोष अनेक आहेत, जगणाऱ्यालाच कल्याण दिसण्याचा संभव आहे, असे मनाशी ठरवून तो पुनः शोधाला लागतो. हा सारा प्रसंग जवळजवळ एका सर्गात आटोपतो. विषाद येथे खऱ्या अर्थाने संचारी आहे.

वैद्यकशास्त्र ज्याला विषण्णतेचा विकार म्हणते, त्याचे स्वरूप मात्र असे संचारी नसते. तो आठवडे, महिने, कधी वर्षेही टिकतो. कर्तव्याची आठवण करून दिल्याने तो हटत नाही. इतकेच नव्हे, तर कर्तव्ये पार पाडीत असतानाच तो माणसाला आतून पोखरीत राहतो. तेव्हा वीरकथेची रचना आणि विकाराची गती यांत मुळातच विरोध आहे. दूरचित्रवाणी-मालिका हा विरोध कसा सोडवितात, हे दोन अमेरिकन मालिकांच्या आधारे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे. नायकाच्या नैराश्याचे चित्रण खरे ठरते की खोटे, हे संवादांपेक्षा त्या नैराश्याला कथेत किती काळ दिला जातो यावर अधिक अवलंबून असते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. एका भागात मावणारा विषाद

‘स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन’ या मालिकेतील ‘हार्ड टाइम’ हा भाग १९९६ साली प्रक्षेपित झाला. माइल्स ओब्रायन हा अंतराळस्थानकावरील मुख्य अभियंता. त्याच्यावर एका परक्या ग्रहावर हेरगिरीचा आरोप येतो आणि शिक्षा म्हणून वीस वर्षांच्या कारावासाच्या स्मृती काही तासांत त्याच्या मनात भरल्या जातात. तो परत येतो तेव्हा त्याच्या घरच्यांच्या दृष्टीने फारसा काळ लोटलेला नसतो; त्याच्या दृष्टीने मात्र आयुष्याचा मोठा भाग तुरुंगात गेलेला असतो.

या भागातील तपशील मोलाचे आहेत. ओब्रायन जेवणातील अन्न लपवून ठेवतो, बिछाना सोडून जमिनीवर झोपतो, समुपदेशकाकडे जाण्याचे टाळतो, आणि आपण ठीक आहोत असे सर्वांना सांगत राहतो. क्षुल्लक कारणावरून त्याचा तोल जातो. स्वतःच्या लहान मुलीवर हात उगारण्याची पाळी येते, तेव्हा तो स्वतःलाच भितो आणि जीव देण्याच्या टोकाशी जाऊन पोहोचतो. त्याचा मित्र डॉ. बशीर तेथे येतो. मग खरे कारण बाहेर पडते. कोठडीतील आपल्या एकुलत्या सोबत्याला ओब्रायनने भुकेच्या भरात मारलेले असते, आणि त्याने लपविलेले अन्न दोघांसाठी होते हे त्याला नंतर कळलेले असते. तो सोबती केवळ स्मृतीतला होता. परंतु अपराधाची जाणीव खरी आहे. बशीर ती जाणीव नाकारीत नाही. ज्याला इतका पश्चात्ताप होतो त्याच्यातील माणुसकी नष्ट झालेली नाही, एवढेच तो त्याला दाखवून देतो.

येथे दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. नायकाला परत आणणारी शक्ती पराक्रमाची नव्हे, तर ऐकून घेणाऱ्या मित्राची आहे. आणि संकट टळल्यावरही औषधोपचार व समुपदेशन यांची गरज संपत नाही, असे कथेत स्पष्ट सांगितले जाते. चित्रणाच्या दृष्टीने यात बोट ठेवण्याजोगे थोडेच आहे. उणीव आहे ती रचनेची. त्या काळच्या बहुतेक मालिकांत प्रत्येक भाग स्वयंपूर्ण असे. त्यामुळे पुढच्या भागांत ओब्रायन पूर्ववत कामाला लागलेला दिसतो आणि वीस वर्षांच्या कारावासाचा मागमूस फारसा उरत नाही. विकार दीर्घकालीन आहे असे बोलून दाखविणारी कथा कृतीने मात्र त्याला संचारी भावाचीच जागा देते.

२. स्थायी झालेला विषाद

‘बफी द व्हँपायर स्लेयर’ ही मालिका १९९७ ते २००३ या काळात चालली. रात्री पिशाचांशी लढणारी बफी नावाची तरुणी हिची नायिका. मे २००१ मध्ये पाचव्या सत्राचा शेवट झाला, त्यात बहिणीला आणि जगाला वाचविण्यासाठी ती मृत्यू पत्करते. वीरकथेच्या संकेतानुसार ही कथेची सार्थ परिणती होय. परंतु त्याच सत्राच्या पूर्वार्धात एक शत्रू तिला ऐकवितो की, तिच्यासारख्या प्रत्येक योद्धीच्या मनात कोठेतरी मरणाची ओढ असते. आईच्या मृत्यूने खचलेल्या बफीचा अखेरचा त्याग या वाक्याच्या प्रकाशात पाहिला, म्हणजे बलिदान कोठे संपते आणि सुटकेची इच्छा कोठे सुरू होते, असा प्रश्न उभा राहतो.

सहाव्या सत्रात (२००१-०२) मालिका हा प्रश्न टाळीत नाही. मैत्रीण मंत्रबलाने बफीला पुनः जिवंत करते. नरकयातनांतून आपण तिची सुटका केली, अशी मित्रांची समजूत असते. वस्तुतः ती शांतीच्या ठिकाणी होती. आता तिला जगणेच शिक्षेसारखे वाटते. कृतज्ञता दाखविणे भाग असल्यामुळे ती हे कोणाला सांगू शकत नाही. सांगते ते एकट्या स्पाइकला, म्हणजे मरणाच्या ओढीबद्दल बोललेल्या त्याच जुन्या शत्रूला. यानंतर बावीस भागांच्या सत्रात ती रोज रात्री लढते आणि जिंकतेही, पण यंत्रवत. घराची देणी असतात, बहिणीची जबाबदारी असते, खाद्यपदार्थांच्या दुकानातील कंटाळवाणी नोकरी असते. पराक्रम शाबूत असतो. ज्या उत्साहातून तो निपजावा तो मात्र आटलेला असतो. नाट्यशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर व्यभिचारी भावाने येथे स्थायी भावाची जागा घेतली आहे.

६ नोव्हेंबर २००१ रोजी प्रक्षेपित झालेल्या संगीतमय भागात एका राक्षसाच्या प्रभावामुळे प्रत्येकाला मनातले गाण्यातून बोलावेच लागते. बफीचे गुपित अशा रीतीने उघड होते आणि ती स्वतःचा नाश ओढवून घेण्याच्या बेतात असताना स्पाइक तिला थांबवितो. जगणे सुखाचे आहे असे आश्वासन तो देत नाही. जखम जगण्यानेच भरते, एवढाच त्याच्या सांगण्याचा आशय. महत्त्वाची गोष्ट ही की, त्या रात्री ती बरी होत नाही. अजून निम्म्याहून अधिक सत्र शिल्लक असते आणि त्यात ती आणखी खोल जाते. मे २००२ मधील अखेरच्या भागात, बहिणीला मोठे होताना पाहण्याची इच्छा तिच्या मनात पुनः उगवते. अनेक प्रेक्षकांना हे सत्र रखडलेले आणि उदास वाटले. परंतु ती रखड हाच विषयाशी राखलेला प्रामाणिकपणा होय, असे म्हणावयास हरकत नाही.

३. चित्रणाची जबाबदारी

हा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्राचा नाही. आत्महत्येच्या वृत्तांमुळे अनुकरण वाढते या निष्कर्षाला डेव्हिड फिलिप्स यांनी १९७४ साली गटेच्या नायकावरून ‘वेर्थर परिणाम’ असे नाव दिले. ब्रिटनमधील ‘कॅज्युअल्टी’ या लोकप्रिय मालिकेत १९९६ साली एका पात्राने विष घेतल्याचे दाखविण्यात आले. त्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात स्वतःहून विषबाधा करून घेतलेल्या रुग्णांची रुग्णालयांतील संख्या १७ टक्क्यांनी आणि दुसऱ्या आठवड्यात ९ टक्क्यांनी वाढल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळून आले. उलट, ऑस्ट्रियातील वृत्तपत्रांचा अभ्यास करून नीडरक्रोटेन्थालर व त्यांचे सहकारी यांनी २०१० साली असे दाखविले की, आत्मघाताचा विचार मनात येऊनही ज्यांनी त्यावर मात केली, त्यांच्या वृत्तांचा संबंध आत्महत्यांचे प्रमाण घटण्याशी दिसतो. मोत्सार्टच्या संगीतिकेतील, तिघा मुलांच्या सांगण्याने मरणापासून परतणाऱ्या पात्रावरून यास ‘पापागेनो परिणाम’ म्हणतात. हा दुसरा निष्कर्ष वृत्तपत्रांविषयीचा असल्यामुळे तो नाट्यकथांना जसाच्या तसा लावता येणार नाही. तथापि त्याची दिशा स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली चित्रपट व रंगभूमीवरील कलावंतांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेतही कृतीचा तपशील टाळावा, आणि संकटाशी झुंजण्याचे व मदत मिळविण्याचे मार्ग दाखवावेत, असे सुचविले आहे.

या दृष्टीने वीरकथेत एक विशेष धोका संभवतो. नायकाच्या मरणाला ती सहज अर्थ देऊ शकते. थकलेला, अपराधी वाटणारा नायक शेवटी सर्वांसाठी प्राण देतो, आणि प्रेक्षक त्याला वंदन करतो. ज्याला आपण सर्वांवर भार झालो आहोत असे वाटते, त्या प्रेक्षकापर्यंत यातून एक घातक अर्थ पोहोचण्याचा संभव आहे : आपले जाणे हीच आपली सर्वांत मोठी देणगी. भार झाल्याची ही भावना विकाराचेच एक लक्षण असते. बफीच्या कथेचे महत्त्व असे की, ती बलिदानावर न थांबता पुढे जाते आणि त्या अर्थाची फेरतपासणी करते.

सारांश, अशा मालिकांचा अभ्यास करताना संशोधकाने संकटाच्या दृश्यापाशी थांबू नये. नायकाच्या बोलण्याला कोणी कान दिला, मदत कोणत्या स्वरूपात आली, आणि विशेषतः पुढल्या भागात त्या दुःखाचे काय झाले, हे प्रश्न त्याने विचारावेत. हनुमानाला एक सर्ग पुरला, कारण त्याचा विषाद अपयशातून आलेला होता आणि शोध संपलेला नव्हता. ज्याचा विषाद विकारातून आलेला आहे, त्याला एक सर्ग पुरत नाही. जी मालिका आपल्या नायकाला तो अधिक काळ देते, ती तशाच स्थितीतील प्रेक्षकालाही, बरे व्हावयास वेळ लागणे म्हणजे पराभव नव्हे, हे सांगून जाते.