पिशवीच्या ओठांची परीक्षा

भंडाऱ्याचा चिन्नोर तांदूळ ज्यांनी खाल्ला आहे, त्यांना त्याच्या वासाचे कौतुक वेगळे सांगायला नको. आता तर त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. हा तांदूळ पुण्या-मुंबईच्या लेकींना पाठवायचा, तर पूर्वी पितळी डबा जाई. आमच्या गावाचे नावच मुळी पितळी भांड्यांवरून पडले असे म्हणतात! आता मात्र बोटांनी दाबून बंद करायच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या आहेत. एका ओठाला खाच, दुसऱ्याला उंचवटा. दोन्ही एकमेकांत बसले की पिशवी बंद.

पण ती खरोखरच बंद होते का? सायकलवाला पंक्चर शोधतो, तीच युक्ती मी केली. पिशवीत हवा कोंडली, ओठ दाबले आणि बादलीत बुडवून तळहातांनी चेपली. कारखान्यांतही पाण्यात बुडवून, वरची हवा ओढून घेऊन, बुडबुडेच पाहतात. कोऱ्या पिशव्यांपैकी एकीच्या कोपऱ्यातून तेवढे बुडबुडे आले. मग तांदूळ भरला, आणि काय सांगू, बहुतेक सगळ्याच फुसफुसू लागल्या! तांदळाबरोबर आलेली कोंड्याची पूड खाचेत बसली होती. कोरड्या फडक्याने खाच पुसताच त्या पुन्हा गप्प झाल्या.

सासूबाईंनी एक ‘उत्तीर्ण’ पिशवी नाकाशी धरली. “अगं, वास तर बाहेर येतोय!”

त्यांचे नाक खोटे नव्हते. पॉलिथिनच्या पातळ पापुद्र्यातून पाणी सहसा जात नाही, पण सुगंध हळूहळू पाझरतो. तिथे बिचारे ओठ काय करणार?

शिवाय टोके! ही किडीची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडे घालते आणि वर चिकट बूच बसवते. तिच्या कामात बुडबुड्यालाही वाव नाही. असा दाणा पिशवीत गेला, तर ओठ कितीही घट्ट असोत, कीड आधीच आत. म्हणून भरलेली पिशवी मी चार-पाच दिवस बर्फाच्या कप्प्यात ठेवते आणि बाहेर काढल्यावर तिचा गारवा पुरता उतरेपर्यंत उघडत नाही. नाहीतर तांदळाला दमट हवा लागते.

नणंदेच्या पार्सलात आता पिशवी पितळी डब्यात बसून जाते. धातूतून वास पाझरत नाही, आणि झाकणाच्या फटीला मी कापडाची पट्टी लावते. डबे परत येत नाहीत, ही सासूबाईंची तक्रार मात्र जुनीच आहे.