डिफरेन्शियल लॉक घेण्यापूर्वी : फसणारी गाडी आणि खिशाचा हिशोब

आपल्या समाजातील पुष्कळ व्यापारी आठवडे बाजारावर जगतात. मालेगाव-भिवंडीचे कापड, चादरी, तयार कपडे, चपला, भांडी जीपमध्ये किंवा पिकअपमध्ये भरून कोणी सातपुड्यात धडगाव-मोलगीकडे जातो, कोणी मेळघाटात धारणीकडे. डांबरी रस्ता आता पुष्कळ ठिकाणी पोहोचला आहे. परंतु बाजाराचे मैदान, पाड्यावरचा शेवटचा चढ आणि ओढ्याची उतार-चढण अनेक जागी मातीचीच आहे. पावसाळ्यात तेथे गाडी फसते, माल भिजतो आणि बाजाराचा दिवस हातचा जातो. मग कोणीतरी सल्ला देतो, ‘लॉक बसवून घ्या.’ गॅरेजवाला मोठी रक्कम सांगतो. वेल्डर म्हणतो, ‘मी थोड्या पैशात जाम करून देतो.’ या दोघांच्या मध्ये सापडलेल्या व्यापाऱ्याने काय घ्यावे, काय टाळावे आणि सगळ्यात आधी काय करावे, याचा येथे विचार करू.

चाक जागेवर का फिरते?

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. दोन्ही चाके एकाच एक्सलवर घट्ट बांधली तर एक चाक घासत जाईल. म्हणून मध्ये डिफरेन्शियल असते. ते दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते, पण जोर दोन्हीकडे सारखा वाटते. अडचण येथेच आहे. एक चाक चिखलात गेले की त्याला फिरायला फारच थोडा जोर लागतो, आणि तेवढाच थोडा जोर कोरड्या जमिनीवरच्या चाकाला मिळतो. एक चाक गरगर फिरते, दुसरे स्वस्थ उभे राहते. लॉक म्हणजे ही वाटणी बंद करून दोन्ही चाकांना एकत्र फिरायला लावणारी वस्तू. ट्रॅक्टरवर पायाजवळ जो लॉकचा पेडल असतो तो हेच काम करतो, आणि शेतकरी तो वळण घेण्यापूर्वी सोडतो, हेही आपण पाहिले असेल.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘माझी गाडी फोर व्हील आहे, तिला लॉक कशाला?’ असे पुष्कळ लोक विचारतात. फोर व्हीलचा दांडा टाकला की पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांना जोडला जातो. पण प्रत्येक एक्सलमधील डिफरेन्शियल मोकळेच असते. खड्ड्यात पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक एकदम हलके झाले तर फोर व्हील गाडीही जागेवर उभी राहते. जुन्या जीपच्या पुढच्या चाकावरचा हब लॉक ही तर तिसरीच वस्तू आहे. तो फिरवला नसेल तर फोर व्हीलचा दांडा टाकूनही पुढच्या चाकांना जोर मिळत नाही. म्हणून प्रथम आपल्या गाडीत काय आहे आणि ते चालू आहे की नाही, ते तपासा.

आधी फुकटचे आणि स्वस्तातले उपाय

आपण गिऱ्हाइकाला सांगतो की अस्तर फाटले असेल तर अस्तर बदला, सगळा कोट नवा शिवू नका. गाडीचेही तसेच आहे.

पहिली गोष्ट टायर. गुळगुळीत टायरवर लाखाचा लॉक बसवला तरी दोन्ही चाके मिळून घसरतील. आपल्या काळ्या मातीत तर टायरच्या नक्षीत माती भरून तो गुळगुळीतच होतो. म्हणून खोल व मोकळ्या नक्षीचे टायर हा लॉकच्या आधीचा खर्च आहे.

दुसरी गोष्ट हवा. मऊ जमिनीत हवा कमी केली की टायर पसरतो आणि कमी रुततो. हलक्या जीपमध्ये १८ ते २० पौंडांपर्यंत उतरून हळू चालवता येते. मात्र माल भरलेल्या गाडीत इतके खाली जाऊ नये, आणि पक्का रस्ता लागताच हवा पूर्ववत भरलीच पाहिजे. त्यासाठी हवेचा मीटर व छोटा पंप गाडीत ठेवा.

तिसरी गोष्ट मालाची मांडणी. गठ्ठे ज्या एक्सलला जोर मिळतो त्याच्या वर व सारखे दोन्ही बाजूंना ठेवा. चौथी गोष्ट म्हणजे फावडे, दोन जाड फळ्या, मजबूत जॅक आणि दोरखंड.

एक युक्तीही लक्षात ठेवा. चाक फिरू लागले की रेस देताना ब्रेक हलका दाबावा. फिरणाऱ्या चाकाला अडथळा झाला की दुसऱ्या चाकाकडे जास्त जोर जातो. हँडब्रेकने हे करता येते, पण तो मागच्या चाकांवर लागत असेल तरच. जुन्या विलीज धाटणीच्या जीपमध्ये हँडब्रेक प्रोपेलर शाफ्टवर असतो, तेथे ही युक्ती चालत नाही.

हे सगळे करूनही गाडी फसत असेल, तरच पुढचा भाग आपल्यासाठी आहे.

लॉकचे प्रकार आणि त्यांचे गुणदोष

लिमिटेड स्लिप : यात घर्षणाच्या प्लेट असतात. त्या दोन्ही चाकांना थोडे बांधून ठेवतात. रस्त्यावर त्रास कमी, परंतु एक चाक पूर्ण हवेत गेले तर मदतही कमीच. प्लेट झिजतात आणि बहुतेकांना खास तेल लागते. हा पूर्ण लॉक नव्हे.

आतल्या गियरच्या जागी बसणारा स्वयंचलित लॉकर : जुनी केस तशीच ठेवून आतले छोटे गियर काढून हा बसवतात. क्राऊन-पिनियनची जुळणी हलवावी लागत नाही, म्हणून मजुरी कमी. परदेशात कमी बजेटवाले हाच घेतात. दोष असा की तो एरवी बांधलेलाच असतो आणि वळणावर सुटतो. वळताना टकटक आवाज येतो, आखूड जीपमध्ये रेस सोडली-दाबली की गाडी किंचित बाजूला सरकते. ओल्या घाटात नवख्या ड्रायव्हरच्या हाती अशी गाडी देणे बरे नव्हे. शिवाय मजबुती जुन्या केसएवढीच राहते.

वेगफरकाने लागणारा यांत्रिक लॉक : हा मूळच्या अमेरिकन ईटन कंपनीचा शोध, १९७३ पासून तेथील पिकअप गाड्यांत आहे. दोन चाकांच्या गतीत मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला की आतली वजने फेकली जातात आणि लॉक आपोआप लागतो. जास्त वेगात तो लागत नाही. बटण नाही, वायर नाही, हवा नाही. महिंद्राने २०१५ च्या सुधारित थारमध्ये मागच्या एक्सलला असाच लॉक दिला, आणि २०२१ मध्ये बोलेरो निओच्या एका प्रकारात फोर व्हील नसतानाही दिला. तो वापरण्याची रीत अशी की रेस एकसारखी ठेवून चाक जरा फिरू द्यावे. घाबरून रेस सोडली तर लॉक लागतच नाही.

हाताने लावायचा लॉक : हा पाहिजे तेव्हा लावायचा, नको तेव्हा सोडायचा. ऑस्ट्रेलियाच्या एआरबीचा लॉक हवेवर चालतो, काही विजेवर, काही दांड्याने किंवा केबलने. फोर्सच्या गुरखा गाडीत पुढे व मागे दोन्हीकडे असे यांत्रिक लॉक मिळतात; परंतु जुन्या गुरखाच्या सगळ्याच प्रकारांत ते होते असे समजू नका, प्रत्यक्ष लावून पाहा. काम सर्वांत उत्तम, खर्चही सर्वांत जास्त. अमेरिकेच्या बाजारात हवेच्या लॉकला साधारण हजार डॉलरच्या वर पडतात आणि कॉम्प्रेसर वेगळा. वाहतूक, जकात आणि बसवण्याची मजुरी याच्यावर.

वेल्डिंग : रोजीचा आणि जिवाचा प्रश्न

आता त्या स्वस्त उपायाबद्दल. डिफरेन्शियलच्या आतले गियर वेल्डिंगने जाम केले की दोन्ही चाके कायमची बांधली जातात. चिखलात गाडी निघते, यात शंका नाही. पण ही गाडी नंतर डांबरी रस्त्यानेच घरी येते. प्रत्येक वळणावर टायर घासतो, एक्सलवर पीळ पडतो, आणि ओल्या वळणावर स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळ जाऊ पाहते. वेल्डचा तुकडा सुटला तर क्राऊन-पिनियनमध्ये जाऊन सगळा जबडाच बसवू शकतो. जेथे चाक थेट एक्सलच्या दांड्यावर बसवलेले असते, तेथे तो दांडा तुटला तर चाक निघून जाण्याचा धोका असतो.

गाडीत माल आपला असतो, पण ड्रायव्हर कोणाचा तरी मुलगा असतो आणि बाजारातून परतताना मागे बसलेली माणसे आपली अमानत असतात. दोन पैसे वाचवण्यासाठी दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे हा व्यवहार नव्हे, तो हक्कुल-इबादचा प्रश्न आहे. वेल्डर आणि मिस्त्री बांधवांनाही विनंती आहे की रस्त्यावरच्या गाडीला हे काम करू नका. गिऱ्हाईक नाराज होईल, पण हात स्वच्छ राहील. त्याऐवजी डायल गेज, शिम आणि दातांवर निळा रंग लावून क्राऊन-पिनियनची जुळणी करण्याचे काम नीट शिका. ज्या मिस्त्रीच्या हाताने बसवलेले पिनियन आवाज करीत नाही, त्याच्याकडे लांबून गाड्या येतात.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ गाडीतील बदलांसंबंधी आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा कडक अर्थ लावला. म्हणून बाहेरून लॉक बसवण्यापूर्वी आरटीओमध्ये विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. गाडी वॉरंटीत असेल तर ती जाण्याची शक्यता धरून चाला. कारखान्यातून लॉकसह आलेल्या गाडीला यातली कोणतीच कटकट नाही, हा तिचा मोठा फायदा आहे.

जुना माल घेताना

कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात किंवा इतरत्र लॉकसह अख्खा एक्सल मिळाला तर तो स्वस्त पडू शकतो. परंतु बिल मागा. चोरीचा माल हलाल कमाईला डाग लावतो आणि पोलिसांची पायरीही चढावी लागते.

घेण्यापूर्वी तीन गोष्टी मोजा. एक, एक्सलच्या दांड्यावरच्या खाचा. त्या जुळल्या नाहीत तर लॉक बसणार नाही. दोन, क्राऊन व पिनियनचे दात. क्राऊनला ४३ आणि पिनियनला ८ असतील तर प्रमाण ५.३८ झाले. फोर व्हील गाडीत पुढच्या व मागच्या एक्सलचे प्रमाण सारखेच पाहिजे, नाहीतर ट्रान्सफर केस खराब होईल. तीन, एक्सलची रुंदी व पाट्यांची जागा.

हाताने लावायचा लॉक चालतो की नाही हे पाहण्यासाठी गाडी बंद करा, पुढच्या चाकांना अडण लावा, मागची दोन्ही चाके उचलून गाडी स्टँडवर टेकवा आणि गिअर टाका. लॉक सोडलेला असेल तर एक चाक फिरवताच दुसरे उलट फिरेल. लॉक लावल्यावर कोणतेच चाक फिरता कामा नये.

शेवटी हिशोब

दुकानदाराने भावना बाजूला ठेवून वही घ्यावी. एका पावसाळ्यात गाडी किती वेळा फसली, ट्रॅक्टरला किती दिले, किती बाजार चुकले, ते लिहा. समजा, सहा वेळा फसली, दर वेळी ट्रॅक्टरला १,५०० रुपये गेले आणि दोन बाजारांचा ८,००० प्रमाणे नफा बुडाला. एकूण तोटा २५,००० रुपये. चांगले टायर आणि हवेची शिस्त यांनी यातला निम्मा तोटा वाचला, तर लॉकच्या वाट्याला वर्षाला १२,५०० रुपयेच उरतात. दीड लाखाचा लॉक वसूल व्हायला मग १२ वर्षे लागतील. अशा व्यापाऱ्याने लॉक घेऊ नये. त्याने पावसाळ्याचे चार महिने गावातील ट्रॅक्टरवाल्याशी आधीच भाव ठरवून ठेवावा.

पण जो आठवड्यातून चार दिवस अशाच वाटेवर आहे, त्याचा आकडा वेगळा येईल. त्याने घ्यावा, आणि एकच घ्यावा, मागच्या एक्सलला. कारण चढावर वजन मागे येते आणि पुढे लॉक असला की स्टिअरिंग जड होते. गाडी बदलायचीच असेल तर लॉकसह आलेली जुनी गाडी शोधावी. बाहेरून बसवण्यापेक्षा ती बहुधा परवडते. व्याजाने कर्ज काढून मात्र ही वस्तू घेऊ नये. दोन-तीन व्यापाऱ्यांनी शिरकतीत एक चांगली गाडी ठेवली तर माल एकत्र जातो आणि खर्चही वाटला जातो. शेजारच्या मुलाच्या जीपला लॉक आहे म्हणून आपणही बसवणे हा इसराफ आहे.

उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून आहे. गाडीच्या बाबतीत उंट बांधणे म्हणजे टायर पाहणे, हवा मोजणे, माल कमी भरणे आणि ड्रायव्हरला शिकवणे. लॉकचा नंबर त्यानंतर येतो. पहिला पाऊस पडण्यापूर्वी, मे महिन्यातच हा हिशोब मांडून ठेवावा; चिखलात उभे राहून केलेला सौदा नेहमी महाग पडतो.